आवतन घेतलेली घोडी

घोडी अकोल्याहून टेम्पोत परत आली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. लगनसराईत देऊळघाटपासून मलकापूरच्या रस्त्यापर्यंत नवरदेव वाहणारी, ढोल वाजला की जागच्या जागी पाय नाचवणारी ती पांढरी घोडी फळीवरून उतरताना प्रत्येक पावलाआधी थांबत होती. पोटाला रुंद पट्टा बांधलेला. मान खाली. चाचा तिच्या तोंडाशी उलटे चालत होते आणि हळू आवाजात म्हणत होते, "चल बेटी. घर आलं. चल."

चाचा म्हणजे आमचे शेजारी, घोडीचे मालक. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, एक कुंपण आहे, आणि त्याला एवढी भोकं आहेत की ते असून नसल्यासारखंच. चाचांना शेत नाही. लग्नाच्या महिन्यांत घोडी जे आणते त्यावर चाचा-चाची वर्ष काढतात. एरवी ते आठवडी बाजारात गोंडे, झुली, घुंगरं घेऊन बसतात, पण बैलच कमी झाल्यावर गोंडे कोण घेणार? घोडी गेली असती तर त्या घरात काही उरलं नसतं. हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण टेम्पोभोवती जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

झालं होतं असं. एका सकाळी घोडीने चाऱ्याला तोंड लावलं नाही. मग ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. उन्हं वर येईपर्यंत तिच्या अंगावर घामाचा फेस होता. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, तेल सोडलं, इंजेक्शन दिलं, आणि शेवटी हात धुताना सांगितलं की आतड्याला पीळ पडलाय, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर इथेच खड्डा खणा. अकोल्याला तिला भूल देऊन, चारी पाय बांधून, पाठीवर निजवून पोट उघडलं. पीळ सोडवला. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता तो कापून टाकला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली. घोडी उठेल की नाही याची खात्री तिथेही कुणी देत नव्हतं. ती उठली.

मी चाचांबरोबर गेले होते. कुणीतरी दवाखान्याचे इंग्रजी कागद वाचता येणारं सोबत हवं, असं चाचींचं म्हणणं. निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ऑपरेशन आमचं झालं. खरं काम आता तुमचं आहे. मूठ मूठ हिरवं गवत, दिवसातून अनेकदा. पाणी. रोज हळूहळू फिरवणं. दाणा नाही, सरकीची ढेप नाही, गूळ नाही, पोळी नाही. आतडं नुसतं टाक्यांवर धरून आहे. कुणी प्रेमानं घमेलंभर ढेप चारली तर ती परत इथवर पोचणार नाही."

मी विचारलं, "पण झालं कशामुळे? ढेपेमुळे? बीटीची सरकी असते ती."

त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पीळ कशानंही पडतो. काही वेळा कशानंच नाही."

मला ते उत्तर आवडलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

कारण मी त्या वेळी गावी आले होते तीच मुळी एक पत्रक लिहायला. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा शाळेत शिक्षक, आणि शाळेबाहेर जे जे चुकीचं दिसेल त्याच्याविरुद्ध पत्रक काढणारे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध, कापसाच्या भावाबद्दल. मी अक्षरं शिकले ती "बंधू आणि भगिनींनो" यावरून. सुट्टीत आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो, आणि शिळी पत्रकं आई गव्हाच्या कोठीच्या तळाशी अंथरायची. लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध, बँड-घोडी-वरातीविरुद्धही एक पत्रक होतं. बाबांनी ते चाचांनाही दिलं होतं. चाचांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "सर, तुमचं बरोबर हाय. पण मंग घोडी काय खाईन?"  बाबांनी ते पत्रक पुन्हा छापलं नाही, एवढं मला आठवतं.

तर मी ज्या चळवळीत काम करत होते तिथल्या मंडळींना बीटी बियाण्यावर पत्रक हवं होतं. अळी लागणार नाही असं सांगून विकलेल्या कपाशीत त्या वर्षी गुलाबी अळी शिरायला लागली होती. फुलं उमलायचीच नाहीत, पाकळ्या मिटून गुंडाळलेल्या राहायच्या. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. आत उघडून पाहिलं की अळी. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी फोनवर घोडीची गोष्ट ऐकली आणि ते उठून बसले असावेत, असा त्यांचा आवाज आला. "सरकीची ढेप खाऊन घोडीचं आतडं सडलं. पोटाच्या टाक्यांचा फोटो काढ. पहिल्या पानावर टाकू."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही."

"डॉक्टर कसं सांगतील? तू लिही."

मी लिहिलं नाही. पण मी शांतही बसले नाही. मला एक कारण हवं होतं, एक नाव हवं होतं ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. कपाशीच्या बाबतीत ते नाव मला माहीत होतं. घोडीच्या बाबतीत नव्हतं, आणि खोटं लिहिणं जमत नव्हतं. त्यामुळे मी दिवसभर कुंपणाच्या या भोकातून त्या भोकाकडे फिरत होते. घोडी तिकडे फिरवली जायची आणि मी इकडे आपोआप.

खरा त्रास आला तो भेटायला येणाऱ्यांचा. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. घोडी आजारी, म्हणजे घोडीसाठी काहीतरी. पंचक्रोशीतल्या निम्म्या पुरुषांची वरात तिच्या पाठीवरून गेलेली. तिच्यापुढे गुलाल उधळला गेला, नवरीकडच्या बायांनी तिला ओंजळीने भिजली डाळ चारली. ते सगळे येऊ लागले. कुणाच्या खिशात गुळाचा खडा, कुणाच्या रुमालात फुटाणे. एक म्हातारी दुधात भिजवलेली भाकर घेऊन आली, "दात दुखत असतील तिचे" म्हणून.

मी जे येतं तेच केलं. मोठ्या अक्षरात कागद लिहिला: "घोडीचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे. तिला काहीही खाऊ घालू नये. आपले प्रेम तिच्या जिवावर बेतू शकते." त्याच्या प्रती काढल्या, चाचांच्या दारावर, पिंपळाला, किराणा दुकानात लावल्या.

दुसऱ्या दिवशी एक गडी आला. दारावरचा कागद त्याने ओठ हलवत पूर्ण वाचला.

"चांगलं लिहिलं वो ताई. लोकायले कळतच नाई काही."

आणि त्याच पावली आत जाऊन त्याने गुळाचा खडा घोडीच्या तोंडापुढे धरला. मी मध्ये हात घातला.

"आत्ताच वाचलं ना तुम्ही?"

"हाव. ते लोकायसाठी हाय. मी काय लोक हाओ का? माह्या वरातीची घोडी हाय ते."

मला हसू आलं नाही. आज येतं. त्या कागदाशी सहमत नसलेला एकही माणूस त्या दारात आला नाही, आणि रिकाम्या हाताने आलेलाही एखादाच. मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. चाचा घोडीला फिरवायचे, चाची तिच्या कुशीला कान लावून आतला आवाज ऐकायच्या. गुरगुर झाली की त्यांचा चेहरा सुटायचा. लीद पडली की चाचा ती लाकडाने फोडून बघायचे आणि सगळ्या गल्लीला सांगायचे. लोक एकमेकांना रामराम करायच्या आधी विचारायचे, "लीद टाकली का?"

आणि मग बसायचे. हे मला नवीन होतं. डोमकळ्यांनी भरलेल्या शेतातून माणसं उठून यायची आणि घोडीसमोर उकिडवी बसायची. घरात काय चाललंय, फवारा कितव्यांदा मारला, यातलं कुणी एकमेकांना विचारत नव्हतं. घोडीला मात्र विचारत होते. "खावंसं वाटते का वो? दुखते का?" तिने कान हलवला तरी माणसं मान डोलवायची.

समोरच्या घरातले काका त्यांतले एक. त्यांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. बैल असताना ते बैलांपाशी बसायचे, आता घोडीपाशी बसत. त्यांच्या हातात कधीच काही नसायचं. आम्ही दोघं बोलायचो नाही. मला त्यांचं येणं बरं वाटायचं.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. संध्याकाळ व्हायच्या आत समोरच्या काकू हातात वाटी घेऊन चाचांच्या अंगणात आल्या. त्यांच्या गोठ्यात आता खांदा चोळायला कुणी नव्हतं. त्यांनी काही न विचारता घोडीच्या खांद्याला हळद लावली, वरून खाली, सावकाश, आणि बैलाला म्हणतात तसंच म्हणाल्या:

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

चाचांनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. नंतर आणखी एक बाई आली. मग आणखी एक. बैल विकलेली घरं त्या वर्षी आमच्या गल्लीत थोडी नव्हती. घोडीचे पांढरे खांदे पिवळे झाले. मला ते सुंदर वाटलं. काही झालं तरी ती हळद होती, खाण्याची गोष्ट नव्हती.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "आवतन दिलं ना? मग उद्या ताट येणार."

मी चप्पल न घालता कुंपणातून पलीकडे गेले.

"चाचा, उद्या ताटं येतील. पुरणपोळीची."

"येतील तं."

"ती घोडीला चारतील."

"मले समजते बेटा."

"मग परत पाठवायची. दारातूनच."

चाचा घोडीच्या अंगावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी मुसलमान मानूस. माह्या दारातून पोळ्याचा निवद वापस गेला, हे उद्या कुठवर जाईन, तुले माहीत हाय? गावातले चांगले हायेत. पण गोष्ट गावातच राहत नाई ना आजकाल."

"अहो पण ती मरेल."

"ते बी समजते."

"मग?"

"मंग काय? तू पॉम्प्लेट लावशीन अन् निघून जाशीन. मले ह्याच गल्लीत राहाचं हाय." ते मला टोचून बोलले नव्हते. जे आहे ते बोलले होते. चाची आतून म्हणाल्या, "थोडंथोडं बोट लावू तिच्या तोंडाले. चाटू दे." पण त्यांचा त्यांच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता.

मी म्हटलं, "मी उभी राहते दारात. तुम्ही नाही म्हणू नका. मी म्हणते."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी फारच लहान मुलासारखं बोलले होते. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर नव्हतंच.

पोळ्याच्या दिवशी दुपारी तोरणाखाली थोडेच बैल उभे राहिले. मध्ये दोन ट्रॅक्टर होते, त्यांनाही झेंडूचे हार. पोळा फुटला आणि माणसं घरोघर पांगली. मग ताटं यायला लागली. पुरणपोळी, कढी, भजे, वर तुपाची धार. पुढे समोरच्या काकू, त्यांच्यामागे काका, मग इतर बाया. मी चाचांच्या दारात आडवी उभी होते. मागे अंगणात घोडीला वास लागला होता. ती दाव्याला हिसका देत होती. कितीतरी दिवस नुसत्या मूठभर गवतावर असलेलं जनावर ते.

"सरक वो," काकू म्हणाल्या.

"काकू, नाही चालणार. डॉक्टरांनी बंदी केलीय."

"येक पोळी. येका पोळीनं काय होते?"

"प्रत्येकाची एकच असते."

"काल आवतन घेतलं तिनं. आवतन दिलं अन् ताट दिलं नाई, असं होते का कुठं?"

"काकू, तिच्या पोटात टाके आहेत."

त्यांचा आवाज चढला. "तुमच्या घरी पोळा करत नाईत, तं आम्ही बी करू नाई का? तुह्या बापानं सण-वार बंद करा म्हणून कागद वाटले, आता तू निवद अडव."

मी बौद्ध घरातली. हे कधीतरी कुणीतरी म्हणणार हे मला माहीत होतं. मी तयारीही करून आले होते, आदल्या रात्री मनात एक अख्खं भाषण तयार केलं होतं. मागे वळून पाहिलं तर चाचा खुंट्याजवळ उभे होते, अंग चोरून. मी जितकं मोठ्याने बोलेन तितकं ते त्यांच्या अंगावर जाणार होतं. भाषण माझ्या तोंडात तसंच राहिलं.

काका पुढे आले. दोन्ही हातांत ताट.

"मग हे नेऊ कुठं?" त्यांनी विचारलं.

मी दाराच्या चौकटीवर हात टेकला.

"सकाळी मातीचे बैल पुजले," ते म्हणाले. "मातीचा बैल खात नाई ना बेटा."

 मी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही रोज येऊन बसता तिच्यापाशी. ती मरेल."

ते माझ्याकडे बघत नव्हते, घोडीकडे बघत होते. ती ताटाकडे मान ताणत होती, खालचा ओठ लोंबत होता, त्यातून लाळ गळत होती. काकांनी ताट काकूंच्या हातात दिलं आणि वळून चालू लागले. मला वाटलं, गेले. अपमान झाला आणि गेले. बाया कुजबुजल्या. चाचा दोन पावलं पुढे येऊन म्हणाले, "बेटा, येऊ दे त्यायले," आणि मी दाराची चौकट आणखी घट्ट धरली.

काका परत आले ते हातात मुसकं घेऊन. डवरणीच्या म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलाने पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती दोरीची जाळी. बैल विकताना त्यांनी ते दिलं नव्हतं.

"अहो!" काकू म्हणाल्या. "पोळ्याच्या दिवशी मुसकं? आज तं बैलाच्या अंगावरची दोरी बी काढतात. पाप लागन."

"लागू दे," काका म्हणाले. "इकले तवा नाई लागलं का?"

मी बाजूला झाले. काका आत गेले. घोडीला मुसक्याची सवय नव्हती. तिने मान उडवली, मागे सरली, चाचांनी पट्ट्याला धक्का लागू नये म्हणून तिला कुशीशी धरलं. काका तिच्या कानाशी काहीतरी बोलत होते, बहुतेक आपल्या बैलांशी बोलायचे तेच. मग गाठ बसली. काका मागे सरून उभे राहिले आणि त्यांनी तोंड पुसलं.

"आता आना ताटं," ते म्हणाले. "ओवाळा तिले. कुंकू लावा. आवतन घेतलं होतं, ते आली. जेवनं तिच्या नशिबात नाई, त्याले कोन काय करन?"

ते सर्वांना पटलं. मला अजूनही कळत नाही का पटलं. माझ्या कागदाने, माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते जाळीने झालं. कुणी कुणाला नाही म्हणालं नव्हतं. ताटं एकेक करून तिच्यापुढे धरली गेली. घोडी जाळीतून नाक घुसवायची, फुरफुरायची, एका ताटातली कढी तिने उडवली, बायांच्या लुगड्यांवर. हसल्या त्या. काकूंनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं आणि मग ताट घेऊन माझ्यासमोर आल्या.

"घे. तू खा. आवतन काही तुले नव्हतं."

आमच्या घरात नैवेद्य खात नाहीत. हे तत्त्व आहे आणि मी ते कधी मोडलं नव्हतं. मी चाचांच्या ओट्यावर बसून ती पोळी खाल्ली. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि घोडी?"

घोडीचं काही खरं नव्हतं. त्या गोंधळात कढी उडाली तेव्हा तिने जाळीतून काही चाटलं होतं का, कुणालाच सांगता येईना. दुपारपासून तिने लीद टाकली नव्हती. ती अंगणात चकरा मारत होती. चाचींनी कुशीला कान लावला आणि म्हणाल्या, "आवाज नाई." दुसऱ्या बाजूला लावला. "इकडून बी नाई." लोक ताटं धुऊन परत आले आणि कुंपणाच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. सणाच्या कपड्यांत. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावत होते, लागत नव्हता. काकू एकदा माझ्याजवळून गेल्या, थोड्या वेळाने पुन्हा गेल्या. काका मुसकं काढावं की ठेवावं या विचारात त्याच्या गाठीला हात लावून उभे.

चाचा तिला फिरवत राहिले. अंगणातून गल्लीत, गल्लीतून पिंपळापर्यंत, परत. ऊन तिरपं झालं होतं. पिंपळाकडून परत येताना ती थांबली, शेपूट उचललं, आणि आधी सुकी, मग मऊ लीद टाकली. चाचांनी ती फोडून पाहिली. मग मान वर करून त्यांनी कुणालाच न सांगता सगळ्यांना सांगितलं, "टाकली."

काकू तिथेच खाली बसल्या.

पुढचे महिने ती हळूहळू भरत गेली. कपाशी नाही भरली. वेचणीला बायांच्या ओटीत कवड्या झालेला, अर्धवट फुटलेला डागी कापूस आला. माझं पत्रक निघालं, त्यात घोडी नव्हती. ज्येष्ठ नाराज झाले. मी त्यांना म्हटलं, कपाशीचं आहे तेवढंच पुरेसं आहे, तेवढंच छापा, आणि फोन ठेवल्यावर अंगणात दोन-तीन चकरा मारल्या.

तुळशीची लग्नं लागली तेव्हा आम्ही अकोल्याला दाखवून आलो. जखम भरली होती. पण डॉक्टरीणबाईंनी पोटाची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "या वर्षी पाठीवर माणूस नको. नवरदेव तर नकोच. वरून नाचणं, फटाके. पुढच्या हंगामात बघू." चाचा हो हो म्हणाले. ते सगळ्यांनाच हो म्हणतात, म्हणून परतीच्या टेम्पोत मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. अख्खा हंगाम घोडी दावणीला. 

मग गावातल्या बी-बियाण्याच्या दुकानाचे शेठ आले. मुलाचं लग्न होतं. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. चाचींनी मला मान हलवून खूण केली, तू येऊ नको.

"चाचा, घोडी तं मस्त दिसून राह्यली," शेठ म्हणाले.

"तुमची दुवा."

"मंग पुढच्या महिन्यात आमच्या घरी. लांब नाई. घरापासून मारोतीच्या देवळापर्यंत. पोरगं बी हलकं हाय आमचं."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मला आतून ओरडावंसं वाटत होतं. मी ओल्या चादरीचं टोक धरून उभी राहिले.

"शेठ, तिचं पोट शिवलेलं हाय."

"बरी झाली ना आता?"

"हाव. बरी झाली." चाचा थांबले. "म्हणूनच नाई म्हणून राह्यलो."

शेठना वाटलं, भावाचं बोलणं आहे. त्यांनी आणखी थोडं समजावलं, मग हसणं बंद केलं. "बरं. आम्ही खामगावहून आणू. पण मंग पुढच्या साली आमच्या गोतावळ्यात कोणाच्या लग्नात तुमची घोडी दिसनार नाई. पाह्यजा."

"जी," चाचा म्हणाले.

शेठ गेल्यावर चाचा बाजेवर बसले आणि लगेच उठले. दारापर्यंत गेले, गल्लीत डोकावले, परत आले. कुंपणाच्या भोकातून त्यांनी मला विचारलं, "जास्त बोललो का मी?"

"नाही चाचा."

"गोतावळा मोठा हाय त्यायचा." ते पुन्हा चकरा मारू लागले. "मोठा हाय बे लय." हे माझ्याशी नव्हतं.

मला म्हणायचं होतं की बरोबर केलंत. पण पुढच्या साली त्यांना कोण बोलावणार होतं, हे मलाही माहीत नव्हतं.

त्यांनी घोडीचं दावं सोडलं आणि तिला गावाबाहेरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेलं. मीही मागे गेले. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते, धुऱ्यावर तेवढं गवत उभं. घोडी खाऊ लागली. आता तिला कुणी मूठ मोजून देत नव्हतं. ती ओढून ओढून खात होती, मुळांना लागलेली माती झटकत. मी चाचांना म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, हो, बसतो. पण ती पुढे सरकली की तेही पुढे सरकत होते, आणि अंधार पडू लागेपर्यंत ते बसले नाहीत.